काडी न पेटलेलं घर

काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा वास घेतला.

अतिशयोक्ती करत नाही. प्रताप नगरातल्या त्यांच्या घराच्या फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती आणि मी ती वाचत उभी होते. आतून एक उंच, काटकुळे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे म्हातारे गृहस्थ आले, माझ्यापासून दोन हातांवर थांबले आणि मान पुढे काढून त्यांनी दोनदा नाक ओढलं. मग विचारलं, "विडी-सिगारेट पिणारं कोणी भेटाले येईन का तुह्याकडं?"

"नाही."

"अगरबत्ती लावतं?"

"कधी कधी."

"इथं नाही लावाची. दिवा नाही, मेणबत्ती नाही, मच्छरची कॉइल नाही. गॅसबी नाही, बिजलीची शेगडी आहे. या घरात काडी पेटत नाही. जमत असन त सामान आण."

मी तेव्हा नुकतीच एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले होते आणि पंधरा दिवस खोली शोधत वणवण फिरत होते. प्रत्येक दारात पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. आम्ही बौद्ध, आमच्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून या प्रश्नाची घरात सगळ्यांना सवय आहे, पण सवय झाली म्हणून राग जात नाही. या म्हाताऱ्याने आडनाव विचारलंच नाही. आडनावाने माणूस पारखणाऱ्यापेक्षा नाकाने पारखणारा बरा, असं म्हणून मी वरच्या खोलीत सामान आणून टाकलं.

काका वीजखात्यातून निवृत्त झालेले. घरात ते आणि काकू, दोघंच. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. खालच्या मधल्या खोलीत एक भलामोठा लोखंडी कूलर होता आणि तो फेब्रुवारीपासून दिवाळीपर्यंत दिवसरात्र चालायचा. नागपुरात कूलर कोणाकडे नसतो? पण या कूलरचं तोंड पलंगाकडे नव्हतं, खुर्चीकडे नव्हतं. ते भिंतीतल्या एका जाळीच्या कपाटाकडे होतं. नवरा-बायको व्हरांड्यात टेबलफॅनखाली घामाने निथळत झोपायचे आणि आत कूलर कपाटाला वारा घालत असायचा. सगळ्या नागपूरच्या आधी काका त्याला नवीन वाळा बसवायचे. टाकीत पाणी स्वतः भरायचे, सकाळी चार बादल्या, संध्याकाळी चार. तो मान काकूंनाही नव्हता.

"कपाटात काय आहे?" मी एकदा काकूंना विचारलं.

"माहा सासरा," काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

दूधवाल्याने फाटकाबाहेर खिसे उलटे करून दाखवायचे, मग आत यायचं. पोस्टमनने या गल्लीपुरती विडी सोडली होती. दिवाळीत सगळं गाव फटाके उडवायचं तेव्हा काका गच्चीवर पाण्याचा पाइप हातात धरून चार दिवस पहारा द्यायचे, जणू खालची गल्ली शत्रूचीच आहे. "आग का पाहुणी आहे, सांगून याले?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एरवी बोलायचे कमी. चहा हवा असला की काकूंना नुसती खूण करायचे, पण खूण म्हणजे साधीसुधी नाही. आधी कपाळाला हात, मग घशाला कोरड, मग दोन्ही हातांनी कप धरून डोळे मिटून तृप्ती. काकू म्हणायच्या, "तोंडानं सांगा ना गा, तोंड का भाड्यानं देलं?" त्यावर काका भुवई उंचावून असे पाहायचे की हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

हा सगळा गमतीचा मामला आहे असं मी वर्षभर समजत होते.

मग बुद्धपौर्णिमा आली. घरून आईचा फोन आला, "बाई, पाच मेणबत्त्या लाव, विसरू नको." घरमालकाचा नियम मला माहीत होता. पण आईच्या शब्दापुढे घरमालक कोण लागून गेला, असं मला वाटलं. मी दार लोटून घेतलं, तथागतांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या आणि वंदना म्हणायला बसले. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार ढकललं गेलं आणि एक अख्खी बादली पाणी फोटोसकट माझ्या अंगावर आलं.

काका रिकामी बादली धरून दारात उभे होते. डोळे असे की ते मला मारतील असं क्षणभर वाटलं. "समजत नाही का तुले? सांगतलं होतं ना!" त्यांचा आवाज फाटला होता.

मी ओला फोटो उचलला, पदराने पुसला. मला रडू नाही आलं, डोकं फिरलं. इतके दिवस आडनाव विचारलं नाही, पण मनात होतं ते आज बाहेर आलं, असंच मला वाटलं. मी तसं तोंडावर म्हटलंही. काकांना मी काय म्हणते तेच समजेना. ते नुसते विझलेल्या वातींकडे बघत होते, एकेक मेणबत्ती चिमटीत धरून पुन्हा पुन्हा विझवत होते. मग खाली निघून गेले. मी बॅग काढली आणि कपडे भरायला घेतले.

थोड्या वेळाने काकू आल्या. गुडघ्यांवर हात टेकत जिना चढल्या होत्या. बॅगेवरच बसल्या.

"पोरी, तुह्या देवाचा राग नाही वं त्यांले. माह्या देवापुढं तरी कुठं दिवा आहे? चाळीस वर्सं झाले या घरात येऊन. सासूबाई गेल्या, तवा त्या गेल्या त्या जागेवर दहा दिवस दिवा लावतेत ना आपल्यात? नाही लावू देला. बल्ब लावला, बल्ब. दहा दिवस झिरोचा बल्ब. लोक हासले. म्या कोणाले तोंड दाखवू?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "चाल खाली. दाखवतेत ते तुले. कोणाले नाही दाखवलं, पण आता दाखवतो म्हणतेत."

काकांनी कपाट उघडलं. ओल्या धोतरात गुंडाळलेला एक पत्र्याचा गोल डबा, पुऱ्या तळायच्या कढईएवढा. त्यावर गंजाचे पोपडे. आणि कपाट उघडताच एक वास आला. आंबूस, नाकात टोचणारा. आमच्या प्रयोगशाळेत आम्लांच्या फळीजवळ असतो तसा. माझ्या रोजच्या धंद्यातला वास तो. मी पाऊलभर मागे सरकले.

"माहा बाप सिनेमात होता," काका म्हणाले. "मुका सिनेमा. बोलाचं नाही, फक्त दिसाचं."

मग ते इतकं बोलले की वर्षभराचं भरून निघालं. त्यांचे वडील सोळाव्या वर्षी तालमीतलं अंग घेऊन नागपुरातून पळाले आणि एका सिनेमा कंपनीत घोडे सांभाळायला राहिले. एकदा घोड्यावरून पडणारा नट आलाच नाही. यांना बसवलं. ते असे काही पडले की कंपनीने त्यांना पडण्यासाठीच ठेवून घेतलं. बाण लागून, कड्यावरून, विष पिऊन, हत्तीच्या पायाखाली. "अकरा सिनेमे, अन् अकराई सिनेमात मेला माहा बाप!" काका अभिमानाने म्हणाले. आजीकडून ऐकलेली ती मरणं काकांना पाठ होती. त्या दिवशी त्यांनी मला दोन करून दाखवली. बाणाच्या वेळी ते भिंतीला घसरत खाली आले ते इतक्या हळूहळू की मी बादलीचं विसरून श्वास रोखला. काकू म्हणाल्या, "झालं ह्यांचं मरणं सुरू."

"बारावा शेवटचा. त्याच्यात नाही मरत. त्याच्यात तो नायकाचा भाऊ. लढाई जिंकून येते, घोड्यावरून उतरते, अन् कॅमेऱ्याकडं पाहून हासते. संपला सिनेमा. ते हासणं या डब्यात आहे."

"तुम्ही पाहिलंय?"

"कुठं गा! माह्या जलमाच्या आधीच बोलते सिनेमे आले. माह्या बापाची बोली आपली वऱ्हाडी, ते कोणाले पाहिजे? कंपनी बसली. तवा हा डबा घेऊन घरी आला तो."

"म्हणजे चोरून?" माझी जीभ अशीच आहे.

"आपलं तोंड आपण घरी आणलं. त्याले चोरी म्हणतेत का?"

परत आल्यावर वडिलांनी सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये दारावर तिकिटं फाडायची नोकरी धरली. आत बोलता सिनेमा चालू असायचा आणि ते पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे. एकदा तिथल्या मशीनच्या खोलीत फिल्मने पेट घेतला. लोकांना बाहेर काढता काढता त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. घरी येऊन त्यांनी दहा वर्षांच्या मुलाला सांगितलं, की ही फिल्म म्हणजे दारूगोळाच आहे, डबा जपजो पण काडी दूर ठेवजो, अन् उन्हापासून वाचवजो. पुढच्याच वर्षी ते वारले.

"एक फोटो होता. एक जण आला, म्हणे मी पुस्तक लिहून राहिलो. नेला, तो आलाच नाही. त्याले वीस-बावीस वर्सं झाले. मले बापाचा हात आठवते, जळका. तोंड नाही आठवत आता." काका डब्यावरून हात फिरवत होते. "मराच्या आधी एक बार पाहाचं आहे. बस."

मी बॅग परत लावून टाकली.

आता माझं काम सुरू झालं. अशा जुन्या फिल्मचं काय होतं ते मला पुस्तकातून माहीत होतं. ती आतल्या आत सडते, तिचं आम्ल होतं, आणि सडलेली फिल्म नागपूरच्या उन्हाळ्यात काडीशिवायही पेटू शकते. हे मी काकांना सांगितलं. वाचवायची असेल तर पुण्याला सरकारी संग्रहालय आहे, ते प्रत काढून देतील, पडद्यावर दाखवतील. काका नाही म्हणाले. फोटो नेला तसा डबाही नेतील. मी रोज खाली जाऊन बसायचे, रोज भांडायचे. शेवटी काकूंनीच तोंड उघडलं. "तुमी त्यायले कपाटातच ठेवून मरान. मंग म्या काय करू त्याचं? भंगारवाल्याले देऊ?" त्या रात्री काका जेवले नाहीत. सकाळी त्यांनी मला खूण केली: एक हात कानाशी, दुसऱ्याने नंबर फिरवल्यासारखा. मी पुण्याला फोन लावला. ते लोक सोमवारी येतो म्हणाले.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा बोलले नाही. ते ओलं धोतर, तो कूलरचा दमट वारा पाहून माझ्या मनात आलं होतं की थंडावा ठीक, पण ओल? मग म्हटलं, आता काय बोलायचं, तज्ज्ञ येतायत, ते बघतील. मी एरवी नको तिथे बोलते, आणि तेव्हा गप्प बसले.

शनिवारी सकाळी कोपऱ्यावरची विजेची डीपी उडाली. नवतपा लागला होता, म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत नागपूरची माणसं गरज नसेल तर दारही उघडत नाहीत. कूलर थांबला. उन्हाळ्यात त्या घरातली ती शांतता मी पहिल्यांदा ऐकली. काकांनी वीजखात्यातल्या आपल्या हाताखालच्या सगळ्या जुन्या माणसांना फोन केले. सगळे म्हणाले, काम चालू आहे साहेब. बारा वाजले, एक वाजला. दोनच्या सुमाराला मला वरच्या खोलीत तो वास आला.

मी धावत खाली गेले. दारंखिडक्या लावलेल्या, अंधार, भट्टीसारखी खोली. काका खाली बसलेले, मांडीवर डबा. काकू लोट्यातल्या पाण्यात फडक्याच्या पट्ट्या बुडवून त्यावर ठेवत होत्या आणि काका वर्तमानपत्राने वारा घालत होते.

"बाबाले ताप आला," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी डब्याला हात लावला. खोली गरम होती, पण डबा खोलीपेक्षा गरम होता. आतून तापत होता.

"काका, डबा बाहेर न्या. आत्ता."

"बाहेर ऊन आहे. ऊन लागन त्याले."

"इथं ठेवला तर पेटंल. तुम्ही अन् काकू दोघंही जाल याच्यात!"

"आणखी दोन दिवस त राहिले फक्त. बिजली येतेच आता. तू जाय वर."

"नाही जात. काकू, तुम्ही बाहेर निघा."

"म्या नाही जात," काकूही म्हणाल्या. पट्ट्या बदलणारे त्यांचे हात थांबत नव्हते.

मी ओरडले. काय काय ओरडले ते आठवत नाही. तुमचा बाप अकरा वेळा लोकांसाठी मेला, आता काकूंना घेऊन मरणार आहे का, असं काहीतरी. काकांनी पहिल्यांदा काकूंकडे नीट पाहिलं. काकूंचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते, आणि त्या वारा न घेता डब्यालाच वारा लागावा म्हणून एका बाजूला सरकून बसल्या होत्या. काका उठले. तान्हं मूल उचलावं तसा डबा दोन्ही हातांवर घेऊन ते मागच्या अंगणात आले. काकूंनी वर ओली चादर धरली. मी कडुनिंबाच्या सावलीत पाण्याचा ड्रम ओढून आणला.

"पाण्यात टाकावा लागंल," मी म्हटलं. "दुसरा उपाय नाही."

"आधी पाहू दे."

त्या वेळी झाकण उघडणं शहाणपणाचं नव्हतं. पण ते 'पाहू दे' मला मोडवेना. काकांनी पेचकस घातला. झाकण उडालं आणि वासाने आमच्या तिघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

आत फिल्म नव्हती. तपकिरी, चिकट, मधासारखा लगदा होता, कडेला फेस आणि वर गंजासारखी पूड. काकांनी बोट घातलं. मधल्या भागातून वीतभर पट्टी सुटून आली. ती त्यांनी उन्हाकडे धरली. मीही मागून पाहिलं. पट्टी काचेसारखी कोरी होती. त्यातून फक्त ऊन दिसत होतं.

काकांनी ती उलटी करून पुन्हा पाहिली आणि परत डब्यात ठेवली. मग त्यांनीच डबा ड्रममध्ये सोडला. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तळाशी टेकवला. नदीवर अस्थी सोडताना माणूस जसा जपून हात काढतो तसा हात काढला. वर आलेला एक बुडबुडा फुटला.

"काहून झालं पोरी असं?" त्यांनी मला विचारलं. "तू शिकलेली आहे, सांग. म्या कूलर एक दिवस बंद नाही ठेवला. एक दिवस नाही."

उत्तर मला माहीत होतं. सकाळी चार बादल्या, संध्याकाळी चार. ओलं धोतर. चाळीस वर्षांचा तो दमट वारा. ज्या पाण्याने त्यांनी बापाला जपलं त्या पाण्यानेच तो चेहरा धुऊन नेला होता.

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको अशी.

"फिल्मच कच्ची असायची काका तेव्हाची," मी म्हटलं. "कशीही ठेवली असती तरी गेली असती. तुम्ही होते म्हणून इतकी टिकली."

मी वर्गात मुलांना कधी चुकीचं शिकवलं नाही. हे एक वाक्य सोडलं तर रसायनशास्त्राशी मी प्रामाणिक राहिले आहे, आणि या वाक्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

मी फोन करून बोलावलेले अग्निशमनवाले चारला येऊन ड्रम घेऊन गेले. पुण्याच्या लोकांना मीच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. काका व्हरांड्यात बसून होते. साडेपाचच्या सुमाराला बिजली आली. मधल्या खोलीत कूलर आपोआप सुरू झाला आणि रिकाम्या कपाटाला वारा घालू लागला. काका उठले, आत गेले, त्यांनी बटण बंद केलं.

नंतर जिन्यावर पावलं वाजली. हळू. काकांनी दाराबाहेरूनच विचारलं, "तुह्याजवळ काडीपेटी आहे ना?"

मी ती काढून दिली. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी भिजलेली, नंतर उन्हात वाळवून ठेवलेली. त्यांच्या मागोमाग मीही खाली उतरले.

काकूंनी पेटीच्या तळातून लग्नातलं निरांजन काढलं होतं. चिंचेने घासून लखलखीत केलं होतं. कापसाची वात वळली होती, तेल घातलं होतं आणि ते कपाटाच्या खालच्या फरशीवर, तांदळाच्या मुठीवर ठेवलं होतं.

"याच्यातई मेले शेवटी," काका कपाटाकडे बघत म्हणाले. "बाराव्यातई." आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे, आवाज काढून. इतकं मोठ्याने रडणारा मुका सिनेमा मी कधी ऐकला नव्हता. मीही रडले.

काकूंनी काडीपेटी हातात घेतली आणि नवऱ्यापुढे धरली. बाप त्यांचा, दिवाही त्यांनीच लावायला हवा. काकांनी काडी ओढली, मोडली. दुसरी विझली. काडी कशी धरतात तेच त्या हाताला माहीत नव्हतं. तिसरी पेटली. वातीला लावली, वात धरली आणि त्या खोलीच्या भिंतींवर पहिल्यांदा ज्योतीचा उजेड हलला.

काका एकदम वाकले. त्यांचे ओठ पुढे आले होते. इतक्या वर्षांची सवय.

काकूंनी त्यांच्या तोंडावर अलगद हात ठेवला.

"नका फुकू," त्या म्हणाल्या. "जळू द्या आता."